तीस मिनिटांची सवलत आणि गुणवत्तेचा प्रश्न

प्रश्नपत्रिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही मित्र घेतील. कथा, कविता, आत्मकथन यांवर लिहावे. प्रश्नपत्रिकेवर काय लिहायचे? पण ज्यांच्या वाट्याला साहित्याच्या आधी परीक्षा आल्या आणि ज्यांची लायकी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवली, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. प्रश्नपत्रिका हे एक लेखन आहे. तिला लेखक असतो, त्या लेखकाला हितसंबंध असतात, आणि आपल्यासमोर कोण बसला आहे याची एक कल्पना त्याने मनाशी धरलेली असते. अशाच एका परीक्षेविषयी मी लिहितो आहे. ती मी २०२४ साली दिली आणि उत्तीर्ण झालो.

परीक्षा ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीची; नाव सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट. क्लाऊड म्हणजे ढग, पण हा ढग आकाशात नसतो. स्वतःचे संगणक विकत घ्यायचे, त्यांना खोली, वीज, थंड हवा आणि राखणदार द्यायचा, याऐवजी दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक तासाच्या नाहीतर सेकंदाच्या हिशेबाने भाड्याने घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. या कंपनीने २००६ साली आधी माहिती साठवण्याची आणि पाठोपाठ संगणक भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. तिची मुंबई विभागातील केंद्रे २०१६ पासून आणि हैदराबादची २०२२ पासून चालू आहेत. या भाड्याच्या सामानाची मांडणी सुरक्षित, न कोसळणारी, वेगवान आणि स्वस्त कशी करावी हे ज्याला कळते त्याला हे प्रमाणपत्र मिळते. अभ्यासक्रमात या चार गोष्टींना अनुक्रमे ३०, २६, २४ आणि २० टक्के वजन आहे.

प्रश्न ६५, वेळ १३० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी १००० पैकी ७२० गुण. शुल्क १५० डॉलर, म्हणजे मी भरले तेव्हा बारा हजार रुपयांच्या वर, आणि कर वेगळा. नापास झाल्यास १४ दिवस थांबायचे आणि शुल्क पुन्हा भरायचे. ६५ पैकी १५ प्रश्नांना गुण नसतात. पुढच्या परीक्षांसाठी कंपनी ते प्रश्न आपल्यावर पारखून पाहते, आणि ते कोणते हे सांगत नाही. पैसेही आपण भरायचे आणि पंधरा प्रश्नांची वेठही आपणच करायची!

परीक्षेतील प्रश्न बाहेर सांगणार नाही, असा करार सुरुवातीलाच मान्य करावा लागतो. मी तो पाळतो. तेव्हा पुढचा नमुना माझा आहे. पण कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेले नमुना-प्रश्न ज्याने वाचले असतील त्याला तो ओळखीचा वाटेल. एक कंपनी कपडे विकते. सणाच्या दिवसांत मागण्या इतक्या येतात की त्या नोंदवणारा संगणक कोलमडतो आणि काही मागण्या हरवतात. एकही मागणी हरवता कामा नये, आणि व्यवस्था चालवण्याचा वरखर्च कमीत कमी असावा. काय करावे? पर्याय चार. मोठा संगणक घ्यावा. एक संगणक घेऊन त्यावर रांग लावणारी प्रणाली आपण स्वतः बसवावी. ॲमेझॉनची तयार रांग वापरावी आणि तिच्यातील मागण्या लॅम्बडा या सेवेकडे सोपवाव्यात. किंवा गर्दी वाढेल तसा कर्मचाऱ्याने संगणक वाढवावा. नीट पाहिले तर यातल्या दोघा-तिघांनी काम भागते. बरोबर उत्तर तिसरे, कारण प्रश्नाच्या शेवटी 'वरखर्च कमीत कमी' हे शब्द आहेत. तेथे दुसरी अट असती तर उत्तर बदलले असते. सबंध परीक्षा अशा शेवटच्या विशेषणांवर उभी आहे.

या लेखनप्रकाराचा नायक ठरलेला असतो: 'एक कंपनी'. कंपनीला हवे असते, कंपनीला भीती वाटते, कंपनी स्थलांतर करते. माणूस या कथांत जवळजवळ येत नाही, आणि आलाच तर 'वरखर्च' या नावाने येतो. मी एका कंपनीत संगणकांची देखभाल करणारा नोकरदार आहे. रात्रपाळीत जागून यंत्रे कोलमडली की उभी करायची, जुन्या प्रणालीवर नवी बसवायची, साठा भरला की जागा करून द्यायची, हे माझे काम. चार महिने मी ज्या प्रश्नांचा सराव केला त्यांपैकी कितीतरी प्रश्नांचे बरोबर उत्तर 'तुझे काम नाहीसे कर' हेच होते. बरोबर उत्तर देत गेलो की आपण आपल्यालाच खोडत चाललो आहोत, असे मध्यरात्री वाटून जाई.

याच कामाला जेफ बेझोस २००६ सालच्या भाषणांतून जड ओझी वाहणे म्हणत, आणि त्याहून मोकळ्या शब्दांत 'मक' म्हणत. मक म्हणजे चिखल, घाण. ती घाण आम्ही उचलतो, तुम्ही तुमचे कल्पक काम करा, असा त्यांचा ग्राहकाला सांगावा होता. आपल्या वाचकाला या शब्दापाशी थांबावेच लागेल. घाण उचलणारा आणि कल्पक काम करणारा अशी वाटणी आपल्याला नवी नाही. नवे आहे ते इतकेच की येथे घाण उचलण्याचा मक्ता घेणारा जगातील सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला. म्हणजे काम हलके की भारी हे कामावरून ठरत नाही, ते कोणाच्या मालकीचे आहे यावरून ठरते. बेझोस यांच्या इमारतीत मध्यरात्री तबकड्या बदलणारा, फरशी पुसणारा, दारावर उभा राहणारा जो कोणी असेल तो प्रश्नपत्रिकेत नाहीच. कंपनीच्या मांडणीशास्त्राला सहा खांब आहेत. सहावा खांब, शाश्वततेचा, २०२१ साली बसवला गेला; तोही पर्यावरणापुरता, ऊर्जा किती वाचली एवढ्यापुरता. ऊर्जेचा हिशेब आला, राबणाऱ्याचा आला नाही.

मात्र माझ्या रात्रपाळीसाठी गळा काढावा असे मला वाटत नाही. यंत्राच्या दिव्याकडे पाहत कोणी रात्र जागू नये. ते यंत्रानेच करावे हे चांगले. जड काम गेल्याचे दुःख ज्याने ते केले नाही त्यानेच करावे. माझा आक्षेप प्रश्नाच्या चौकटीवर आहे. वाचलेल्या श्रमाचे पुढे काय, हे विचारणारा पाचवा पर्याय तीत नाही.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते या परीक्षेचा खरा कस तेथेच लागतो. ही परीक्षा यंत्राची आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती वाचनाची आहे. एकेका प्रश्नाला दोन मिनिटे. तेवढ्यात इंग्रजीतला परिच्छेद आणि एकमेकांसारखे दिसणारे चार लांब पर्याय वाचायचे, शेवटचे विशेषण पकडायचे, दोन पर्याय बाद करायचे आणि उरलेल्या दोघांतला बारीक फरक शोधायचा. ही परीक्षा जपानी, कोरियन, चिनी भाषांत देता येते. मराठीत नाही, हिंदीतही नाही. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. विषय समजणे मला जड गेले नाही. ज्या गतीने तो इंग्रजीत वाचावा लागतो ती गती जड गेली.

विषय मी मराठीतच समजून घेतला. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले बसतात, त्यांच्यात बसून वही भरली. सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल हे दोन पहारेकरी सगळ्यांना गोंधळात टाकतात. वहीत लिहिले: पहिला लक्षात ठेवतो, ज्याला आत सोडले त्याला परतताना अडवत नाही, दुसऱ्याला आठवण नाही, त्याला जाण्याचा आणि येण्याचा हुकूम वेगवेगळा द्यावा लागतो. परवानग्यांविषयी लिहिले: मुळात सर्वांना मनाई, ज्याला लेखी परवानगी तोच आत, आणि लेखी मनाई असेल तर कोणतीही परवानगी चालत नाही. ही ओळ वाचून शेजारचा मुलगा हसला. गावातली मनाई याहून वेगळी कशी, असे त्याने विचारले. वेगळी अशी की ही सर्वांना सारखी लागू आहे, जन्माने ठरत नाही, आणि कोठे लिहिली आहे ते उघडून पाहता येते. कंपनीची सारी कागदपत्रे कोणालाही फुकट वाचता येतात, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. सरावाला मात्र पैसे पडतात. नॅट गेटवेसारखी गोष्ट नुसती उभी ठेवली, तिच्यातून काही गेले नाही, तरी तासाचे भाडे चालू राहते. म्हणून काय सुरू केले आणि केव्हा बंद केले याचे वेगळे पान मी ठेवले होते.

आणि आता ती तीस मिनिटे. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याने इंग्रजीतून परीक्षा देताना मागणी केली तर त्याला ३० मिनिटे जास्त मिळतात. १३० ची १६० होतात. प्रश्नामागे दोन मिनिटांची जवळजवळ अडीच. उत्तीर्णतेची रेषा ७२० वरच राहते, प्रश्न तेच राहतात, प्रमाणपत्रावर कसलीही खूण होत नाही. मी ही सवलत घेतली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांनी राखीव जागांमुळे देश बुडाला हे ऐकवण्याची एकही संधी सोडली नाही, त्यांनीही घेतली. घरात दोन पिढ्या इंग्रजी आहे, पण मातृभाषा मराठी, तेव्हा नियमाने ते पात्रच होते. त्यांनी घेतली हे योग्यच केले. त्यांना आपली गुणवत्ता कमी झाल्यासारखी वाटली नाही, हेही योग्यच. मग इतकी वर्षे ते काय बोलत होते?

कंपनीने ही सवलत दयेपोटी दिलेली नाही. तिचा हिशेब साधा आहे. मांडणी समजते की नाही हे तिला मोजायचे आहे. जर वेळेच्या टंचाईमुळे इंग्रजी वाचण्याची गतीच मोजली जात असेल तर माप चुकते, आणि चुकलेल्या मापाने निवडलेला माणूस तिच्याच गिऱ्हाइकाचे नुकसान करील. सवलत आहे ती मापाची दुरुस्ती आहे. एका व्यापारी कंपनीला जे नफ्यासाठी उमगले ते आपल्या विद्वान समीक्षकांना न्यायासाठी उमगू नये, याचा अर्थ त्यांना ते उमगून घ्यायचे नव्हते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. राखीव जागा म्हणजे अशीच जास्तीची मिनिटे, असे मी म्हणत नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात शब्द आहेत ते पुरेशा प्रतिनिधित्वाचे. तो सत्तेतल्या वाट्याचा प्रश्न आहे. मिनिटे वाढवून वाटा मिळत नाही. पण 'सवलत आली की गुणवत्ता गेली' हे जे सरसकट सूत्र आपल्या तोंडावर फेकले जाते, ते या तीस मिनिटांपुढे टिकत नाही, इतके मला नक्की म्हणायचे आहे.

जेथे सवलत नाही ते घराचे. ही परीक्षा घरी बसूनही देता येते. नियम असे की खोलीत दुसरे कोणी नसावे, परीक्षा चालू असता कोणी आत येऊ नये, टेबल मोकळे असावे, खोलीची चारी बाजूंनी छायाचित्रे आधी पाठवावीत, आणि प्रश्न ओठ हलवून वाचू नये. एका खोलीत पाच माणसे राहतात तेथे हे कसे जमणार? नियम लिहिणाऱ्याने मनाशी धरलेला परीक्षार्थी येथे स्पष्ट दिसतो. त्याला स्वतंत्र खोली आहे, दार आहे, दाराला कडी आहे. मी केंद्रावर गेलो. पुण्यात राहणाऱ्याला ते जमते. ज्याला त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते त्याच्या १५० डॉलरांत बसभाडे आणि बुडालेली रोजीही मिळवा.

केंद्राच्या दारात ओळखपत्रावरचे आडनाव पाहतात ते अक्षरे जुळतात की नाही एवढ्यासाठीच. आडनाव विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यात होणारा बदल ज्याने आयुष्यभर पाहिला आहे, त्याला यंत्राचा हा निर्विकारपणा सुखद वाटतो. मलाही वाटला. पण यंत्राचे राज्य त्या दारापुरते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच संदर्भात वाचावा. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले, तेव्हा दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली. समुद्र ओलांडूनही हे संपत नाही असे सांगणारा दावा कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली सिस्कोविरुद्ध दाखल केला. एका दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याचा त्यात आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ साली दोन अभियंत्यांवरचा भाग राज्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. सिस्को ही स्वतः नेटवर्किंगची प्रमाणपत्रे देणारी नामवंत कंपनी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रमाणपत्राची हद्द कोठे संपते ते कळते.

तरीही ते घ्यावे, असे मी म्हणतो. मला ७८१ गुण पडले. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते, मग ते पुन्हा मिळवावे लागते. विद्या कोणाच्या घरी मुरत नाही, हा एक गुण त्यात आहे असे समजू. अभ्यासिकेत आता तिघेजण तयारी करीत आहेत, त्यांत एक मुलगी आहे. वही त्यांच्याकडे आहे. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच काम सांगितले. परीक्षेची तारीख घेण्याआधी तीस मिनिटांची मागणी नोंदवा. तारीख आधी घेतली तर त्या परीक्षेला ती लागू होत नाही, आणि हे ज्या पानावर लिहिले आहे ते पान इंग्रजीत आहे.