बहुपर्यायी प्रश्न : खरी मेहनत चुकीच्या उत्तरांवर

गेल्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांबरोबर दोन दिवस बसण्याचा योग आला. विषय होता प्रश्नपत्रिका. येताना वर्षभरात वर्गात वापरलेले बहुपर्यायी प्रश्न घेऊन यावेत, एवढीच विनंती आम्ही केली होती. प्रश्न स्वतः काढलेले असोत की गाइडमधून उतरवलेले. टेबलावर कागदांचा चांगला ढीग जमला. मग आम्ही एक खेळ केला. प्रश्नाचा मजकूर कागदाने झाकायचा, फक्त चार पर्याय वाचायचे आणि बरोबर उत्तर ओळखायचे. पुष्कळ प्रश्नांत ते ओळखता आले! सुरुवातीला हशा पिकला. थोड्या वेळाने तो ओसरला. प्रश्न न वाचता उत्तर देता येत असेल, तर त्या प्रश्नाने विज्ञानाची परीक्षा घेतली असे कसे म्हणायचे?

हे प्रश्न आपले गुपित कसे फोडतात ते पाहू. बरोबर पर्याय बिनचूक करण्याच्या नादात शिक्षक त्याला अटी आणि विशेषणे जोडत जातात, त्यामुळे तोच सर्वांत लांब होतो. चुकीच्या पर्यायांत ‘नेहमी’, ‘कधीही’, ‘फक्त’ असे शब्द येतात, बरोबर पर्यायात मात्र ‘बहुधा’, ‘साधारणपणे’. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय शिक्षकाला चौथे काही सुचले नाही म्हणून येतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. मराठीत तर व्याकरणही चुगली करते. हा नमुना पाहा :

मातीत राहून ती भुसभुशीत करणारे ____ शेतकऱ्याचा मित्र मानले जाते.
(अ) मुंगी (ब) उंदीर (क) गांडूळ (ड) वाळवी

‘करणारे’ आणि ‘मानले जाते’ या रूपांना नपुंसकलिंगी एकवचनच चालते. मुंगी ‘मानली जाते’, उंदीर ‘मानला जातो’. ज्याने आयुष्यात गांडूळ पाहिलेले नाही, पण ज्याचा कान मराठीला सरावलेला आहे, तो मुलगा इथे पूर्ण गुण मिळवतो. घरी दुसरीच बोली बोलणारा मुलगा शेतात गांडुळे रोज पाहत असूनही हा आडमार्ग त्याला मिळत नाही. दुरुस्ती सोपी आहे. ‘मातीत राहून ती भुसभुशीत करणारा शेतकऱ्याचा मित्र कोण?’ असे विचारले की चारही पर्याय व्याकरणाच्या दृष्टीने सारखे होतात.

अशा बारीकसारीक गोष्टींवर एवढी शाई का खर्च करायची, असे कोणी विचारील. याचे उत्तर आमच्या मते बीडसारख्या जिल्ह्यातच नीट कळते. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सगळी बहुपर्यायी. तिच्या शालेय क्षमता चाचणीतील ९० गुणांपैकी ३५ गुण विज्ञानाचे असतात. जो निवडला जातो त्याला नववी ते बारावी दरमहा १००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. परीक्षा साधारणपणे डिसेंबरात येते. नेमक्या त्याच काळात जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर असतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापांबरोबर जातात. ही मुले शिकवणीच्या वर्गाला जाऊ शकत नाहीत. आणि ‘काही येत नसेल तर सर्वांत लांब पर्याय निवडा’ यांसारख्या युक्त्या शिकवणीच्या वर्गातच मिळतात. प्रश्न सदोष असला की त्या युक्तीला गुण मिळतात. म्हणजे वाईट प्रश्न सर्वांना सारखाच वाईट नसतो. ज्याने युक्ती विकत घेतली त्याला तो सोपा जातो.

याचा अर्थ बहुपर्यायी प्रश्न मुळातच टाकाऊ, असा कोणी घेऊ नये. तो आला त्यामागे न्यायाचीच ओढ होती. १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांना तपासायला दिली. भूमितीसारख्या विषयातही त्याच पेपराला एका शिक्षकाने ३० च्या आत आणि दुसऱ्याने ९० च्या वर गुण दिले. परीक्षकाच्या लहरीवर उपाय हवाच होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी मूकवाचनाच्या चाचणीत ठरावीक उत्तरांतून निवड करण्याची पद्धत वापरली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील लाखो जवानांची चाचणी याच पद्धतीने झाली. तपासनिसाची लहर त्यामुळे गेली, पण प्रश्न काढणाऱ्याची लहर राहिली. पूर्वी शंभर परीक्षकांत वाटली गेलेली चूक आता एकाच माणसाच्या हाती आली आणि ती छापून सर्वांपर्यंत पोचू लागली.

ती किती दूर पोचते याचे ठळक उदाहरण म्हणजे २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेतील भौतिकशास्त्राचा एक प्रश्न. त्यात दोन विधाने होती. अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरे. दुसरे विधान बारावीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात जवळजवळ तसेच होते. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ऐवजी ‘बहुतेक’ मूलद्रव्ये असे झाले होते, कारण रेडियम, युरेनियम यांचे अणू स्थिर नसतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले. दुसरे विधान चूक, म्हणून एकच उत्तर बरोबर, असे तज्ज्ञांनी सांगितले. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले. उत्तराचे चार आणि चुकीचा एक. पूर्ण गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

आमच्या मते खरा दोष आवृत्तीचा नव्हता. ‘स्थिर’ या शब्दाला अणूच्या बाबतीत दोन अर्थ आहेत. इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत नाहीत, हा एक. केंद्रक आपोआप फुटत नाही, हा दुसरा. बोरच्या अणूची चर्चा चालते तेव्हा पहिला अर्थ मनात असतो आणि त्या अर्थाने जुने वाक्यही निभावून जाते. संदर्भातून वाक्य उचलून प्रश्नपत्रिकेत ठेवले की कोणता अर्थ घ्यायचा हे विद्यार्थ्याने ओळखायचे! पाठ्यपुस्तकातील वाक्य उचलून त्याखाली ‘बरोबर की चूक’ लिहिणे हा आपला सर्वांचाच आवडता मार्ग आहे. देशातील इतक्या मोठ्या परीक्षेत तो फसू शकतो, तर घटक चाचणीत किती वेळा फसत असेल याचा विचार करावा.

मग चांगला प्रश्न कसा असतो? बरोबर उत्तर एकच असते आणि ते शिक्षकाला ठाऊक असते. प्रश्नाची गुणवत्ता ठरते ती उरलेल्या तीन चुकीच्या उत्तरांवर. हेस्टेनीज, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्रे नाहीत. तिचे चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींमधून घेतलेले आहेत. गती आहे म्हणजे त्या दिशेला बल असलेच पाहिजे, ट्रकने मोटारीला धडक दिली तर ट्रकचे बल जास्त, अशा या समजुती. याच परंपरेतील चाचणी हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहायची की मला खरे वाटते तशी? चाचणीने शिक्षकाला आरसा दाखवला तो असा.

आपल्या परिसरातून असा प्रश्न काढता येईल का? परळीचे औष्णिक वीजकेंद्र बीडच्या मुलांना ठाऊक असते. त्यावर नेहमी दिसणारा प्रश्न असा : ‘औष्णिक वीजकेंद्रात कोणते इंधन वापरतात? कोळसा, दगड, माती की लोखंड?’ यातील तीन पर्याय कोणीच निवडणार नाही. म्हणजे पर्याय प्रत्यक्षात एकच. कार्यशाळेत आम्ही सर्वांनी मिळून त्याऐवजी हा प्रश्न तयार केला :

फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाण्याअभावी परळीचे वीजकेंद्र बंद पडले. कोळशावर चालणाऱ्या केंद्राला एवढे पाणी कशाला लागते?
(अ) पाण्यात असलेली वीज यंत्राने काढून घ्यायची असते म्हणून
(ब) उंचावरून पडणाऱ्या पाण्याने टर्बाइन फिरवायचे असते म्हणून
(क) वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे असते म्हणून
(ड) कोळसा जास्त तापावा यासाठी तो पाण्याने भिजवायचा असतो म्हणून

चारही पर्यायांची लांबी आणि घडण सारखीच आहे. प्रत्येक चूक कोठून तरी आलेली आहे. वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस राहत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तिथून (अ) आला. जलविद्युत आणि औष्णिक यांची गल्लत करणारा (ब) निवडतो. लोहार भट्टीतल्या कोळशावर पाणी शिंपडतो हे पाहिलेला मुलगा (ड) निवडील. बरोबर उत्तर (क). वाफ थंड करणाऱ्या पाण्यातले बरेचसे स्वतःच बाष्प होऊन हवेत जाते, ते सतत भरून काढावे लागते. हा प्रश्न तपासला की मुलाचे काय चुकले एवढेच नव्हे, तर उद्या वर्गात काय शिकवायचे तेही कळते. (अ) वर दहा खुणा आल्या तर ऊर्जा-रूपांतराचा पाठ पुन्हा घ्यायला हवा.

असे चुकीचे पर्याय मिळवण्याची युक्ती सोपी आहे. आधी तोच प्रश्न पर्याय न देता विचारावा, मुलांना दोन ओळींत उत्तर लिहू द्यावे आणि त्यांच्याच चुका पुढच्या वर्षीच्या प्रश्नासाठी वहीत टिपून ठेवाव्यात. मुलाच्या डोक्यातली चूक शिक्षकाला खुर्चीत बसून सुचत नाही.

आता थोडे गणित. डोळे मिटून खुणा केल्या तर काय होईल? चार पर्यायांचे दहा प्रश्न असतील, तर चार किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे २२ टक्के असते. चाळीस प्रश्न असतील, तर त्याच प्रमाणात, म्हणजे सोळा किंवा अधिक, बरोबर येण्याची संभाव्यता ३ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणून दहा प्रश्नांच्या चाचणीवरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवू नये. चौथा पर्याय सुचत नसेल, तर ओढूनताणून घालण्याचीही गरज नाही. या विषयावरील ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये घेतला आणि बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरतात असा निष्कर्ष काढला. पर्याय वाचण्यात वाचलेल्या वेळात दोन-चार प्रश्न अधिक विचारता येतात. अंदाजाचा फायदा त्यांनी बराचसा भरून निघतो.

चाचणी झाल्यावर गुण भरून कागद बांधून ठेवायचे, ही सवयही सोडायला हवी. समजा वर्गात ४० मुले आहेत. उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या क्रमाने लावा. वरच्या ११ आणि खालच्या ११ वेगळ्या काढा. ही २७ टक्क्यांची प्रथा ट्रुमन केली यांच्या १९३९ च्या लेखापासून चालत आली आहे. एखादा प्रश्न वरच्या गटात ९ जणांनी आणि खालच्या गटात ४ जणांनी बरोबर सोडवला, तर ९ मधून ४ वजा करून ११ ने भागा. उत्तर ०.४५, म्हणजे प्रश्न चांगला. उत्तर ०.२ च्या खाली आले तर प्रश्न पुन्हा तपासा. ते ऋण आले, म्हणजे हुशार मुलेच जास्त चुकली, तर मुलांना बोल लावण्याआधी उत्तरसूची पाहावी. बहुधा ती तरी चुकलेली असते किंवा प्रश्नाला दोन उत्तरे असतात. जो पर्याय कोणीच निवडला नाही तो काढून टाकावा. यासाठी संगणक लागत नाही, मधल्या सुट्टीत दोन शिक्षक हे काम संपवू शकतात.

एवढे करूनही बहुपर्यायी प्रश्नाला मर्यादा राहतेच. प्रयोगाची मांडणी, आकृती, कारणांची साखळी स्वतःच्या शब्दांत मांडणे, हे त्याच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा हव्यातच. पण ज्या परीक्षांवर या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून आहे त्या बहुपर्यायीच आहेत आणि त्यांची तयारी शाळेतल्या प्रश्नांवर होते.

कार्यशाळेच्या शेवटी एका शिक्षिकेने आपले जुने कागद परत मागून घेतले. त्यांच्या वर्गातील काही मुले तेव्हा फडावर होती, मार्चनंतर परतणार होती. ती आली की सर्वांत आधी परळीचा प्रश्न त्यांना पर्यायांशिवाय विचारणार आणि त्यांची उत्तरे टिपून ठेवणार, असे त्या म्हणाल्या. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली सहा महिने काढलेल्या मुलांना वाफेविषयी काय वाटते, हे आम्हालाही जाणून घ्यायचे आहे. आमच्या यादीत नसलेला एखादा पर्याय त्यांच्याकडून नक्की मिळेल.