डब्याच्या पाठीवरचं वाचन

हेर्त्सोगेनआउराखमध्ये एकेकाळी लोक समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे बूट बघायचे. डास्लर भाऊ १९४८ मध्ये वेगळे झाले, एकाचं पुमा आणि दुसऱ्याचं आदिदास, आणि गावाला 'खाली मान घातलेल्यांचं गाव' असं नावच पडलं. आता इथे नोकरीला किंवा शेजारच्या एर्लांगनला शिकायला आलेला आपला मुलगा जिममध्ये दुसऱ्यांचे दंड बघतो, मग स्वतःचे. 'काडीपैलवान' ही शाळेतली पदवी बॅगेच्या वजनात न मोजता सोबत आलेली असते.

मग येतो डबा. आज तो पुस्तकासारखा वाचून बघू.

दर्शनी भागावर रुंद छातीचा माणूस आणि एक वाक्य: प्रथिनांमुळे स्नायूंच्या वाढीला हातभार लागतो. खोटं नाही ते. युरोपीय संघाने २०१२ च्या नियमात हा दावा मंजूर केलाय. पण अट काय, तर पदार्थातली किमान १२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी. म्हणजे हेच वाक्य मसुराच्या पाकिटावरही चालेल! छापत नाहीत, कारण मसुराला छाती नसते.

खरा मजकूर पाठीवर आहे, बारीक अक्षरात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच लिहावे लागतात आणि 'मास गेनर'मध्ये पहिलं नाव बरेचदा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पूड. पीएचडीच्या पहिल्या हिवाळ्यात मीही असा एक डबा संपवला. वजन वाढलं, पण पोटावर. ते रोजच्या दोन वाट्या जास्तीच्या भातानेही झालं असतं.

साध्या प्रोटीन पावडरचं काय? मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग आणि १८६३ माणसांची आकडेवारी एकत्र तपासली. व्यायामासोबत जादा प्रथिनं घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सरासरी ०.३ किलो जास्त वाढलं. शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा दिसेना. बाकीचं काम व्यायामाचंच. (क्रिएटिनची गोष्ट वेगळी, रोज ३ ग्रॅमचा त्याचा दावा नेमका आहे.) आणि भारतातून स्वस्तात डबा मागवणार असाल तर थांबा: २०२४ च्या एका अभ्यासात तिथली ३६ उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरचा प्रथिनांचा आकडा बरोबर नव्हता.

कोल्हापूरच्या तालमीतल्या दूध-तूप-बदामाच्या खुराकाबद्दल मला फार हळवं व्हायचं नाही, बढाया तिथेही चालतात. पण 'खुराक' हा शब्द तिथे एकटा येत नाही. त्याच्यासोबत जोर-बैठका येतात, पहाटे उठवणारा वस्ताद येतो, थंडाई घोटणारं कुणीतरी येतं. शाहू महाराजांच्या काळात तर राजाश्रयही होता. डब्याने ही सगळी माणसं पुसून तिथे एक प्लास्टिकचा चमचा ठेवलाय. रात्री दहाला लॅबमधून येऊन एकटं जेवणाऱ्या पोराला तो चमचा पटतो, यात नवल नाही. मलाही पटला होता.

हिशेब करून बघा. ६० किलोच्या माणसाला रोज ९६ ग्रॅम. अर्धा किलो मागरक्वार्कमध्ये साधारण ६०, दोन अंड्यांत बारा-तेरा. उरलेले वरण, पोळी आणि मूठभर दाणे भरून काढतात. क्वार्क गोड करून रोज खाववत नाही. लसणाची चटणी आणि मीठ घाला, संपतो.