आयते गिट शॉर्टकट घ्यावेत का?

‘ओह माय झेडएसएच’चं गिट प्लगइन चालू केलंत की 100हून जास्त शॉर्टकट आयते मिळतात. ‘जीएसटी’ म्हणजे गिट स्टेटस (कराशी संबंध नाही!). इथवर मस्तच. पण ‘जीसीएएम’ बघा. गिटच्या ओळखीच्या, बदललेल्या सगळ्या फाइल्स एका फटक्यात कमिट. नवी फाइल मात्र बाहेरच. म्हणजे सहज बदलून पाहिलेला पॅरामीटर आत जातो, आणि आलेख काढणारी नवी स्क्रिप्ट राहून जाते. सहा महिन्यांनी गाईडने तोच आलेख पुन्हा मागितला, तर काय द्याल? शिवाय हे शॉर्टकट शेलचे. क्लस्टरवर प्लगइन नसेल तर गायब. त्यापेक्षा गिट कॉन्फिगमध्ये स्वतःचे चार-पाच लिहा, ती फाइल सोबत न्या. स्टेटस, डिफ, लॉग बिनधास्त छोटे करा. कमिट मात्र पूर्ण टाइप करा, आधी डिफ बघून.