फेनवे पार्क : जपायचं म्हणजे काय जपायचं?

जुनी वास्तू जपावी असं आपण सहज म्हणतो. पण जपायचं म्हणजे नेमकं काय, हे बोस्टनच्या फेनवे पार्कच्या निमित्तानं तपासून पाहू. बेसबॉलचं हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालं. मेजर लीगच्या वापरातलं ते आज सर्वांत जुनं मैदान आहे.

बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर सगळीकडे ९० फूटच. मैदानाचं बाहेरचं कुंपण कुठे घालायचं, हे मात्र त्या काळी बरंचसं जागेवर अवलंबून असे. फेनवेच्या डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट आहे. त्या रस्त्यामुळे मैदान तिथे आखूड राहिलं, आणि तिकीट न काढता कुणाला खेळ दिसू नये म्हणून उंच भिंत आली. आजची भिंत ३७ फूट उंच आहे. फाउल लाइनवर ती होम प्लेटपासून फक्त ३१० फुटांवर येते. १९४७ मध्ये तिच्यावरच्या जाहिराती काढून तिला हिरवा रंग दिला. तीच ही ‘ग्रीन मॉन्स्टर’.

आता या भिंतीनं खेळाचं काय होतं बघा. दुसरीकडे सहज झेल गेला असता असा उंच चेंडू इथे भिंतीवर आदळतो आणि फलंदाज वाचतो. उलट, दुसरीकडे होम रन ठरला असता असा जोरकस, सपाट फटका हीच भिंत अडवते. नियम तेच, पण जागेमुळे त्यांचा अर्थ बदलतो. १९९२ मध्ये बाल्टिमोरला कॅम्डेन यार्ड्स उभं राहिलं आणि त्यानंतर मुद्दाम जुन्या वळणाची, वाकडीतिकडी मैदानं बांधायची लाटच आली. त्यातली काही देखणी आहेत, नाही असं नाही. पण फेनवेचा वाकडेपणा गरजेतून आला, त्यांचा पुष्कळसा हौसेतून. माझ्या मते हा फरक महत्त्वाचा आहे.

१९९९ मध्ये फेनवेच्या जागी नवं मैदान बांधायचा बेत जाहीर झाला होता. २००२ मध्ये आलेल्या मालकांनी तो सोडून जुनंच दुरुस्त केलं. हे उत्तम झालं. पण माझी तक्रार पुढे आहे.

एप्रिल १९४५ मध्ये याच मैदानावर जॅकी रॉबिन्सनसह तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली. रेड सॉक्स संघानं एकालाही घेतलं नाही. भिंत हिरवी झाली त्याच १९४७ साली रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला. रेड सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, खेळला तो १९५९ मध्ये. तेव्हाच्या मेजर लीग संघांत सर्वांत शेवटी. त्या काळचे मालक टॉम यॉकी यांचं नाव मैदानालगतच्या रस्त्याला दिलेलं होतं. २०१८ मध्ये ते काढून रस्त्याचं जुनं नाव, जर्सी स्ट्रीट, परत आणलं.

यावर काही जण म्हणतात, इतिहास पुसला. मला तसं वाटत नाही. रस्त्याला नाव देणं हा गौरव असतो. तो मागे घेतला म्हणून घडलेलं नाहीसं होत नाही. पुसणं वेगळं. भिंतीची उंची, तिचा रंग, तिच्यावरची १९३४ पासूनची हातानं आकडे बदलायची धावफलकाची पाटी, हे सगळं कौतुकानं सांगायचं आणि १९४५ ची चाचणी गाळायची, याला मी पुसणं म्हणेन. भिंत जपली आहे ना, मग तिच्यासमोर कुणाला खेळू दिलं नाही, हेही तिथे येणाऱ्या पोराबाळांना सांगितलंच पाहिजे.