'पावनखिंड': बाजीप्रभूंचं बळ आणि खिंडीची रुंदी

दिवाळीत ब्राह्मणपुरीला घरी गेलो, तेव्हा भाच्याबरोबर 'पावनखिंड' (2022) पुन्हा पाहिला. शेवटच्या लढाईत त्यानं विचारलं, "मामा, एवढ्या फौजेला इतकीच माणसं कशी काय अडवतात?" मी "अरे, बाजीप्रभू होते ते" म्हणून वेळ मारून नेली. विज्ञान शिकणाऱ्याला न शोभणारं उत्तर! पण सिनेमाही हेच उत्तर देतो, आणि माझी तक्रार तीच आहे.

थोडं गणित बघू. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं 1916 मध्ये लढाईची समीकरणं मांडली. मोकळ्या मैदानात बंदुका असल्या की मोठ्या सैन्यातले सगळे एकदम मारा करतात. म्हणून दहापट संख्येचं बळ शंभरपट होतं. तलवारीच्या लढाईत एकाला एकच भिडला, तर दहापट ते दहापटच राहतं. अरुंद जागा नेमकं हेच घडवते. आमच्याकडे उसाच्या गाड्या अरुंद पुलाशी आल्या, की मागे दहा असोत वा शंभर, पुढे एका वेळी एकच सरकते.

शिवाय 13 जुलै 1660 ला बाजीप्रभूंना सिद्दी मसूदची फौज संपवायची नव्हती. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत वेळ काढायचा होता. घोडखिंडीतच थांबायचं, हा निर्णय मला तलवारीइतकाच मोठा वाटतो.

दिग्पाल लांजेकरांनी शिवा काशीद आणि बांदलांना मानानं जागा दिली आहे, अजय पुरकरांचा बाजी जीव ओतून केलेला आहे. पण लढाई पेटली की कॅमेरा बाजींच्या जखमांवर रेंगाळतो, गती संथ होते. खिंडीत किती जण शेजारी उभे राहू शकतात, पुढची फळी थकल्यावर मागची कशी येते, हे मला दोनदा बघूनही कळलं नाही.

आता चीनकडे बघा. वाँग फेई-हुंग हा तिथला वैद्य आणि कुंग-फू उस्ताद, लोकांच्या मनातला नायक. त्याच्यावरच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' (1991) मध्ये जेट ली गोदामात शिड्यांवर लढतो. तारांवरच्या उड्या अशक्यच आहेत. तरीही शिडी कलली की डाव बदलतो, हे आपल्याला दिसतं. जागा लढाईत भाग घेते. आणि याच सिनेमात पोलादी शरीराचा गर्व असलेला एक उस्ताद बंदुकीच्या गोळ्यांनी मरतो. नायकावर इतकं प्रेम असूनही सिनेमा हे लपवत नाही.

आपण मात्र शौर्याचा चमत्कार करतो. चमत्काराला नमस्कार केला की संपलं. मग बाजींची अक्कल दिसत नाही आणि शेजारी लढलेले मावळेही दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाच्याला वहीत खिंड काढून दाखवली. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे जागा त्यांनी निवडली!"

हे त्याला सिनेमातच कळायला हवं होतं.