सरकारी कुटुंब-पाहण्या आणि मालवणचा किनारा

सरकारनें रयतेच्या घरोघर जाऊन उत्पन्न, धंदा व दारिद्र्य यांविषयीं जी माहिती लिहून घेतली आहे, ती आजवर अर्थशास्त्रज्ञांच्याच हातीं राहिली. इतिहाससंशोधक तिच्याकडे सहसा वळत नाहींत. वस्तुतः हे कागद आपल्याच अभ्यासाचे आहेत. पेशवाईंतील खानेसुमारीची यादी हातीं आली, म्हणजे ती कोणी लिहविली, कशासाठीं लिहविली, लिहिणारानें काय विचारलें व काय गाळलें, हे प्रश्न आपण प्रथम करतों. तीच कसोटी अर्वाचीन पाहण्यांस लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणादाखल मालवणचा किनारा घेतला आहे; कारण तेथील प्रपंचाची घडण अशी आहे कीं, सरकारी तक्त्याचें वैगुण्य तेथें चटकन् उघडें पडतें.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत सांगूं. मराठी अमलांत घरें मोजीत, तीं बहुतेक पट्टी बसविण्याकरितां. मोहतर्फ्याच्या यादींत माग, घाणे, दुकानें यांची नोंद होई. अर्थात् घरधनी आपली मत्ता होईल तितकी कमी सांगे, आणि संशोधक तेवढी सूट धरूनच यादी वाचतो. इंग्रजी अमलांत चौकशीचा हेतु हळूहळू पालटला. डॉ. कोट्स याचा लोणी गांवचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीनें १८२३ सालीं छापला. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर (१९१७) व जातेगांव (१९२१) येथील घरांचे जमाखर्च मांडले, व्ही. जी. रानडे यांची कोंकणांतील एका गांवाची सामाजिक व आर्थिक पाहणी १९२७ सालीं प्रसिद्ध झाली. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें १९२१-२२ सालीं मुंबईंतील कामकरी कुटुंबांचे खर्च तपासून १९२३ सालीं अहवाल काढला. पुढें १९५० सालीं प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दांडेकर व रथ यांचा १९७१ सालचा दारिद्र्यावरील प्रबंध व तेंडुलकर समितीचा २००९ सालचा अहवाल हे दोन्ही तिच्याच आंकड्यांवर उभे आहेत. दारिद्र्यरेषा कोठें ओढावी हा वाद विद्वानांनीं कितीही घातला, तरी त्याचा पाया म्हणजे कोणा पाहणीदारानें कोणाच्या ओटीवर बसून लिहिलेला कागद होय.

या नमुना पाहणीची थोरवी नाकारण्याचें कारण नाहीं. वर्षाचे चार भाग पाडून प्रत्येक भागांत निरनिराळीं घरें गांठावयाचीं, म्हणजे पावसाळा व उन्हाळा दोन्ही सरासरींत येतात, ही योजना शहाणपणाची आहे. २०२२-२३ सालच्या खर्च-पाहणींत खेड्यांतील दरमहा दरडोई खर्च ३,७७३ रुपये व शहरांतील ६,४५९ रुपये निघाला; देशाची स्थिति समजण्यास असे आंकडे उपयोगी आहेत. परंतु नमुना थोडक्या घरांचा असल्यामुळें एका तालुक्याविषयीं तो बोलूं शकत नाहीं. मग एका घराविषयीं कोठून बोलणार? घर दरिद्री कीं सुस्थित, हा निवाडा सरकारनें वेगळ्या मोजणीनें केला : २००२ सालीं तेरा प्रश्नांस शून्य ते चार गुण देऊन, आणि २०११ सालीं सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय गणनेनें. पहिल्या प्रकारच्या कागदांत चूक झाली तर सरासरी किंचित् ढळते. दुसऱ्या प्रकारच्या कागदांत चूक झाली तर एका कुटुंबाचें घरकुल जातें. हा भेद ध्यानांत ठेवून पुढील तीन मुद्दे पाहावे.

पहिला मुद्दा चुलीचा. नमुना पाहणींत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारीं व सामान्यतः एकत्र राहणारीं माणसें. व्याख्या सुटसुटीत खरी. पण मालवणाकडील घर शेंदीडशें वर्षें दोन चुलींवर चाललें आहे. कर्ता पुरुष मुंबईस गिरणींत, गोदींत किंवा पोलिसांत. म्हातारीं माणसें, बायको व मुलें गांवीं. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येई, आणि मनिऑर्डर महिन्यास येई. पाहणीच्या नियमानें तो गांवच्या कुटुंबांत धरला जात नाहीं. १९२१-२२ च्या चौकशींत मुंबईंत एकट्यानें राहणाऱ्या पुरुषांचे खर्च वेगळे मांडले आहेत. गांवीं धाडलेला पैसा तेथें खर्चाच्या बाजूस पडतो. तोच पैसा मालवणांत उत्पन्न आहे. दोन्ही टोंकें जुळविणारा कागद सरकारदप्तरीं नाहीं. १९८२ च्या गिरणीसंपानंतर या मनिऑर्डरी आटल्या, तेव्हां कोंकणांतील घरांस काय सोसावें लागलें, हें कोणत्याही एका तक्त्यावरून काढतां येत नाहीं, तें याचमुळें.

दुसरा मुद्दा कामाचा. रापण ओढणाऱ्या माणसास मजुरी नसते, वांटा असतो. मासळी विकून आलेल्या पैशांतून होडीचा व जाळ्याचा वांटा काढून उरलेले वांटे ओढणाऱ्यांत पडतात. जाळें रिकामें आलें तर श्रम झाले, पण प्राप्ति शून्य. जून व जुलै या दोन महिन्यांत तर सरकारी बंदीमुळें यांत्रिक मासेमारी बंदच असते. अशा माणसास ‘गेल्या सात दिवसांत काय मिळविलें ?’ असें विचारलें, तर उत्तर ऋतूप्रमाणें बदलणार. बायकांचें काम याहूनही निसटतें. मासळी बाजारांत विकणारी स्त्री स्वयंरोजगारी ठरते; पण घरच्या मासळीस मीठ लावणारी व ती वाळविणारी स्त्री ‘विनावेतन मदतनीस’ कीं ‘घरकाम करणारी’, हें पाहणीदार किती खोदून विचारतो यावर राहतें. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमांतील सहभाग २०१७-१८ सालीं शेंकडा २३.३ होता, तो २०२३-२४ सालीं ४१.७ नोंदला गेला. या वाढींत काम किती वाढलें व नोंद किती सुधारली, हें ठरविण्यापूर्वीं प्रश्न कसा विचारला गेला तें पाहणें अवश्य आहे.

तिसरा मुद्दा मत्तेचा, आणि आमच्या मतें तो सर्वांत गंभीर आहे. २०११ च्या गणनेंत ज्या घरांस आरंभींच दरिद्री-वर्गांतून वगळावयाचें, त्यांचीं चौदा लक्षणें ठरविलीं होतीं. त्यांत मोटार व दुचाकी यांच्या जोडीस यांत्रिक मासेमारी होडी आहे. पक्क्या भिंतींचीं व पक्क्या छपराचीं तीन दालनेंही आहेत. देशावरच्या नजरेनें हीं लक्षणें वाजवी दिसतील. पण देवबाग, सर्जेकोट किंवा तोंडवळी येथें होडी ही ऐषआरामाची वस्तु नसून शेतकऱ्याच्या बैलजोडीसारखें हत्यार आहे. पुष्कळदां ती व्यापाऱ्याच्या उचलीवर घेतलेली असते, आणि त्या उचलीपोटीं मासळी त्यासच द्यावी लागते. चिऱ्याच्या भिंतींचेंही तसेंच. जांभा दगड त्या भूमींत ठिकठिकाणीं निघतो. देशावर जो मातीची भिंत घालतो, तो येथें चिरा लावतो. तेव्हां भिंत पाहून श्रीमंती ठरविणारा तक्ता हा भूगर्भाचा तक्ता झाला, दारिद्र्याचा नव्हे. मोहतर्फ्याच्या कारकुनानें हत्यार मोजलें, तें त्यावर पट्टी घेण्यासाठीं. आधुनिक कारकुनानें तेंच मोजलें, तें साह्य नाकारण्यासाठीं. ग्रामीण आवास योजनेच्या अपात्रतेच्या यादींतून यांत्रिक होडी व दुचाकी २०२४ सालीं काढण्यांत आल्या. चूक दुरुस्त झाली हें योग्यच. पण मध्यें तेरा वर्षें गेलीं.

यावर असें म्हणण्यांत येईल कीं, कोट्यवधि घरांच्या मोजणीस कांहीं तरी ठोकळ नियम हवा, आणि गांवोगांव वेगळा तक्ता केला तर तुलना कशी करावी ? आक्षेप खरा आहे. म्हणूनच तक्ता मोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. मत्ता लिहितांना तिच्यावरील कर्ज शेजारीं लिहावें, बाहेरगांवीं असलेल्या कमावत्या माणसाची व त्याच्या पैशाची नोंद स्वतंत्र रकान्यांत करावी, आणि घर वगळण्याचें लक्षण ठरविण्यापूर्वीं त्या मुलखाच्या धंद्याची माहिती घ्यावी, एवढेंच पुरे आहे. कुटुंबांच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ सालीं करण्याचें सांख्यिकी मंत्रालयानें २०२५ सालीं जाहीर केलें. उत्पन्न विचारण्याचे प्रयत्न पूर्वींही झाले. पण सांगितलेलें उत्पन्न खर्च व बचत यांच्या बेरजेहून कमी भरे, म्हणून ते टिकले नाहींत. जेथें उत्पन्न वांट्यानें येतें, तेथें हा धोका दुणावतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सरकार पाहणीचे आंकडे नांवें गाळून देतें, आणि तें रास्त आहे. पण ज्या घरगुती कागदांवरून ते आंकडे पडताळतां येतील, ते आज मालवणच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडीं आहेत : रापणींच्या वांट्याच्या वह्या, उचलीचे हिशेब, मनिऑर्डरीच्या पावत्या, आणि २००२ व २०११ च्या याद्यांवर गांवकऱ्यांनीं घेतलेल्या हरकतींच्या नकला. सिंधुदुर्गाच्या तटाविषयींचा प्रत्येक चिटोरा आपण जपतों. त्या तटासमोर जाळीं ओढणाऱ्यांची वहीही त्याच कपाटांत ठेवावी. पुढील संशोधकास सरकारी तक्ता तपासण्याचें दुसरें साधन उरणार नाहीं.