‘सापळा’ हा शब्द काय लपवतो?

चीनच्या वाढत्या प्रभावाबद्दल बोलणं सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक शब्द येतोच: ‘कर्जाचा सापळा’. उदाहरणही ठरलेलं, श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर. चीनने कर्ज दिलं, ते फेडता आलं नाही, चीनने बंदर घेतलं. गोष्ट सुटसुटीत आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सुटसुटीत गोष्ट ऐकली की आधी त्यातला शब्द तपासावासा वाटतो.

सापळ्यात एक लावणारा असतो आणि एक सावज असतं. सावजाला आपण कधी जबाबदार धरत नाही. आता हंबनटोटाकडे बघा. या बंदराचा विचार श्रीलंकेत आधीपासून होता. कॅनडा आणि डेन्मार्कच्या कंपन्यांनी अहवालही दिले होते. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले महिंदा राजपक्षे त्याच जिल्ह्यातले. त्यांनी प्रकल्प रेटला. चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलर दिले. २०१० मध्ये बंदराचं उद्घाटन झालं, पण जहाजं फारशी आलीच नाहीत.

२०१७ मध्ये, नव्या सरकारच्या काळात, बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स या कंपनीकडे गेलं. सुमारे ११२ कोटी डॉलर मिळाले. ते बंदराच्या कर्जात वळते झाले नाहीत, परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले. बंदराचं कर्ज तसंच राहिलं! म्हणजे ही जप्ती नव्हती. २०२२ मध्ये देशाने हात वर केले, तेव्हाही बाहेरच्या कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता.

ॲरिस्टॉटल वादळातल्या कप्तानाचं उदाहरण देतो. जहाज वाचवायला तो माल समुद्रात फेकतो. ही कृती स्वेच्छेची की सक्तीची? त्याच्या मते मिश्र, पण स्वेच्छेच्या जास्त जवळची. भाडेपट्टा तसाच आहे. पण मी पुढे विचारीन, वादळात जहाज घातलं कोणी?

मग चीन धुतल्या तांदळासारखा का? अजिबात नाही. चीनचा आवडता शब्द आहे ‘उभयपक्षी लाभ’. यातले उभय कोण, हे तो शब्द सांगत नाही. चिनी बँकांच्या अनेक करारांत गोपनीयतेची कलमं असतात. कर फेडणार जनता, आणि करार वाचायचा नाही तिनंच!

प्रभाव कसा चालतो ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज हंबनटोटाला यायचं होतं. भारताने काळजी व्यक्त केली. कोलंबोने आधी भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि काही दिवसांतच परवानगी दिली. प्रभाव म्हणजे हेच बरं का, धनकोला नाही म्हणणं महाग पडणं. त्यासाठी बंदर जप्त करावं लागत नाही.

‘सापळा’ म्हटलं की आपण फक्त बीजिंगकडे बोट दाखवतो. ऋण काढून सण करणारे राज्यकर्ते मात्र बिचारे ठरतात. माझी तक्रार एवढीच आहे. सही कोणी केली, कागद कोणी पाहिला, संसदेने काय विचारलं, हे प्रश्न कर्ज घेतानाच विचारायचे असतात. कर्ज कुठल्याही देशाचं असो.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.